कुकी एक्स्चेंजचं आमंत्रण आलंय? आधी हिशोब करा

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. शेजारणीने, नाहीतर मुलीच्या मैत्रिणीच्या आईने कुकी एक्स्चेंजला बोलावलंय. न्यायचं काय आणि किती? बरेच जण त्याला पॉटलक समजतात आणि छान सजवलेल्या दोन डझन कुकीज घेऊन हजर होतात. तिथे बाकीच्यांचे सात-सात डबे रचलेले दिसतात आणि ओशाळं व्हायची पाळी येते.

पॉटलकला नेलेलं तिथेच बसून संपवायचं असतं. एक्स्चेंजला नेलेलं दुसऱ्यांनी घरी न्यायचं असतं. ही भिशीच्या जातकुळीतली गोष्ट आहे: प्रत्येकाने सारखं टाकायचं, प्रत्येकाने सारखं उचलायचं. एकाने हात आखडता घेतला की सगळ्यांचा हिशोब बिघडतो. बाकी सगळे शिष्टाचार यातूनच आलेत. चूक झाली तर तोंडावर कोणी काही बोलत नाही, हसून "सो क्यूट!" म्हणतात. पुढच्या वर्षी आमंत्रण येत नाही, एवढंच.

किती करायच्या

समजा यजमान धरून आठ जण आहेत आणि प्रत्येकाला प्रत्येकाकडून अर्धा डझन मिळायच्या आहेत. तुम्हाला सात जणांसाठी सहा-सहा, म्हणजे ४२ लागतील. चव बघायला टेबलावर एक वेगळी ताटली ठेवतात, तिच्यासाठी १२. झाल्या ५४. फुटलेल्या, खालून करपलेल्या आणि घरातल्यांनी येता-जाता उचललेल्या सहा धरा. ६० करा, म्हणजे धाकधूक राहत नाही.

प्रत्येकी एक डझन ठरलं असेल तर हाच आकडा ८४ आणि वर चवीच्या १२ असा होतो. नेहमीच्या कृतीत दोन स्टिक बटर जातं आणि साधारण तीन ते चार डझन मध्यम कुकीज होतात. म्हणजे शंभरेक कुकीजना एक ते दीड पौंड बटर लागणार. (एक पौंडाच्या खोक्यात ११३ ग्रॅमच्या चार स्टिक असतात.) म्हणून आठाच्या वर माणसं असतील तर अर्धा डझनच बरा. आमंत्रणात नुसतं "सहा डझन आणा" असं लिहिलेलं असेल तर मात्र आपलं गणित चालवू नका. यजमानाने स्वतःचा हिशोब करून तो आकडा दिलेला असतो. निमूट सहा डझन न्यायच्या.

मापाचंही तसंच. सर्वसाधारण अपेक्षा दोन ते अडीच इंच व्यासाच्या कुकीची असते. कोणी तळहाताएवढ्या आणल्या आणि कोणी रुपयाएवढ्या, तर सहाला सहा ही अदलाबदल उरत नाही. ४० नंबरचा स्कूप घ्या. त्यात सुमारे दीड टेबलस्पून पीठ मावतं आणि सगळ्या एकसारख्या होतात, सारख्या वेळात भाजल्याही जातात. मरँगसारखी चिमुकली वस्तू करायची असेल तर दोनाची एक धरून दुप्पट करा.

काय चालतं, काय नाही

घरी आणि मुळापासून केलेलं, ही अट बहुतेक ठिकाणी असते. दुकानातल्या रोलमधलं तयार पीठ कापून भाजलेलं चालत नाही आणि ते ओळखूही येतं: सगळ्या कुकीजची जाडी तंतोतंत सारखी आणि चवीला व्हॅनिलाचा तोच कृत्रिम वास. बेकरीतून आणून घरच्या ताटलीत मांडण्याचा प्रकार तर करूच नका. खरंच वेळ नसेल तर यजमानाला आधीच फोन करून "या वेळी विकतच्या आणल्या तर चालतील का?" असं विचारा. बरेच जण हो म्हणतात. राग विकतच्याचा नसतो, लपवाछपवीचा असतो.

चॉकलेट चिप कुकीजवर कित्येक ठिकाणी सरळ बंदी असते. त्या वाईट असतात म्हणून नव्हे. वर्षभर खाल्ल्या जातात, आणि बंदी नसली तर आठांतले चार जण त्याच आणतात. आपण काय आणणार ते यजमानाला लवकर कळवलं तर तीच वस्तू दोघांकडून येत नाही. यादी सगळ्यांना दिसेल अशी असेल तर ती उघडून बघावी, इतकीच अपेक्षा असते.

ब्राउनी, बार, फज यांबद्दल मतभेद आहेत, विचारून घ्या. क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग, कस्टर्ड, ताजं क्रीम असलेलं काही नेऊ नका. असे पदार्थ खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत हा इथला रूढ नियम आहे, आणि कुकीज तर टेबलावर, मग गाडीत, मग कोणाच्या तरी ओट्यावर अर्धा दिवस पडून असतात. न भाजलेलं कुकी डोही नाही; त्यातल्या कच्च्या अंड्याइतकाच कच्च्या पिठाचाही धोका असतो. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच करून बघतोय अशी कृती तर अजिबात नको.

आपल्याकडच्या वस्तूंचं काय? लाडू, बर्फी, करंजी कितीही सुंदर झाली तरी ती कुकी नव्हे. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्या डब्यात ती बाजूलाच राहते. नानकटाई मात्र या टेबलासाठीच जन्माला आल्यासारखी आहे: भाजलेली, हातात धरता येणारी, आठवडाभर टिकणारी, बिनअंड्याची, आणि वेलचीचा वास नवख्या माणसालाही आवडतोच.

साठ नानकटायांना मैदा ४२० ग्रॅम, बेसन ७० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, साजूक तूप ३१० ग्रॅम, पिठीसाखर २३० ग्रॅम, वेलचीपूड दोन टीस्पून, बेकिंग पावडर एक टीस्पून आणि चिमूटभर मीठ घ्या. इथला ऑल पर्पज मैदा चालतो. तूप आणि साखर फिकट होऊन फुलेपर्यंत पाच-सहा मिनिटं फेसा, मग कोरडं साहित्य चाळून घाला. गोळा जमेल इतकंच मळा. १८ ग्रॅमचा एकेक गोळा वळून किंचित दाबा, ट्रेवर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि ३५० फॅरनहाइटवर १२ ते १५ मिनिटं भाजा. वरून पांढरट, कडेला जेमतेम बदामी दिसली की काढायची. गरम असताना हात लावला तर ती हातात भुगा होऊन येते. ट्रेवरच दहा मिनिटं निवू द्या.

नानकटाई बिघडते ती बहुतेक तुपामुळे. डिसेंबरात स्वयंपाकघर थंड असतं, तूप दगडासारखं घट्ट झालेलं असतं, आणि घाईत ते मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलं जातं. पातळ तुपात फेसताना हवा अडकत नाही. मग ओव्हनमध्ये गोळे पसरून एकमेकांना चिकटतात आणि भेगाही पडत नाहीत. तूप बोटाने दाबल्यावर खळगा पडेल, पण वाहणार नाही, इतकंच मऊ हवं. झालंच पातळ, तर भांडं फ्रिजमध्ये ठेवून दर पाच मिनिटांनी ढवळा, पुन्हा दाणेदार होतं. उलट पीठ भुरभुरून गोळाच वळत नसेल तर एक-दोन चमचे तूप वाढवा. दूध घालू नका, खुसखुशीतपणा जातो.

वर पिस्ता, बदाम किंवा चारोळी लावायचा मोह आवरा. पिस्ता-बदाम नट्समध्ये मोडतात हे सगळ्यांना माहीत असतं. चारोळी मात्र इथे कोणी ओळखत नाही, आणि ती काजू-पिस्त्याच्याच कुळातली आहे. नट्सची ॲलर्जी असलेल्या माणसासमोर ती ठेवणं बरोबर नाही. वर केशराची काडी किंवा नुसती वेलचीपूड पुरते.

एकदम चौपट करू नका

संख्या मोठी म्हणून कृती चौपट करून एकाच भांड्यात घालायची, ही नेहमीची चूक. घरगुती मिक्सरच्या भांड्यात बटर-साखरेचा इतका मोठा ढीग नीट फेसलाच जात नाही. तळाशी बटरच्या गाठी राहतात. शिवाय शेवटच्या ट्रेची पाळी येईपर्यंत पीठ तासभर बाहेर राहून मऊ पडतं, आणि त्या कुकीज पहिल्यांपेक्षा चपट्या होतात. दुप्पट करा, पाहिजे तर दोनदा करा. एक घाणा ओव्हनमध्ये असताना बाकीचं पीठ फ्रिजमध्ये ठेवा.

हाफ शीट ट्रेवर (साधारण १८ बाय १३ इंचांच्या) १२ कुकीज ऐसपैस बसतात. ६० म्हणजे पाच ट्रे. मधला वेळ धरून नुसत्या ओव्हनला दीड तास द्यावा लागतो. ट्रे दोनच असतील तर गरम ट्रेवर पीठ ठेवू नका. कडा सेट होण्याआधीच बटर वितळून कुकी पसरते. ट्रे जरा निवला की नळाखाली धरायचा, पुसायचा, मग वापरायचा. निम्मा वेळ झाला की ट्रे फिरवून ठेवा. मागची बाजू आधी तांबूस होत नाही असा घरगुती ओव्हन विरळाच.

आधी करून ठेवायचं असेल तर फ्रीझरसारखा सोबती नाही. भाजलेल्या साध्या कुकीज पूर्ण गार करून घट्ट डब्यात ठेवल्या तर दीड-दोन महिने सहज राहतात. बाहेर काढल्यावर मात्र डबा उघडायचा नाही. सामान्य तापमानाला येईपर्यंत, म्हणजे दोनेक तास, बंदच ठेवायचा. बाहेरच्या हवेतला दमटपणा मग डब्याच्या बाहेर साचतो. लगेच उघडलात तर तो कुकीवर साचतो, पिठीसाखर चिकट होते आणि आयसिंगचे रंग ओघळतात. रॉयल आयसिंग (पिठीसाखरेचा, वाळून कडक होणारा लेप) लावणार असाल तर ते रात्रभर उघड्यावर वाळू द्या. वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं, आणि एकावर एक रचल्यावर नक्षीचा लगदा होतो.

अंडं, जिलेटिन आणि आपला डबा

तुम्ही अंडं खात नसाल तर ते आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, टेबलाशी उभं राहून नव्हे. सगळ्यांनी बिनअंड्याच्या कुकीज आणाव्यात अशी अपेक्षा ठेवू नका. काही पारंपरिक प्रकार मुळातच बिनअंड्याचे असतात. शॉर्टब्रेड म्हणजे मैदा, बटर, साखर. पिठीसाखरेत घोळवलेले स्नोबॉलही बहुधा तसेच, पण त्यांत पीकान किंवा अक्रोड असतात.

शाकाहारी माणूस फसतो तो अंड्यात नाही, इतर गोष्टींत. मार्शमॅलोमध्ये सहसा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. बिस्कोचितो ही दालचिनी-बडीशेपेची कुकी १९८९ पासून न्यू मेक्सिको राज्याची अधिकृत कुकी आहे. वास अगदी आपल्या खारीच्या दुकानातला, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. लाल रंगाच्या काही सजावटींत कार्माइन असतं, चकचकीत स्प्रिंकल्सवर कन्फेक्शनर्स ग्लेझ असतो. दोन्ही किड्यांपासून येतात. रम बॉल भाजत नाहीत, त्यामुळे त्यातली दारू उडून जात नाही. शंका असेल तर शांतपणे विचारा. डबा हातात घेऊन नाक मुरडू नका.

जे खाणार नाही ते घ्यायचं की नाही? घ्यायचं. ठरलेला वाटा उचला, घरी गेल्यावर शेजारी किंवा ऑफिसात वाटा. "आम्ही या खात नाही" म्हणून एकीच्या कुकीज ताटातच सोडायच्या आणि त्याबदली दुसरीच्या बारा उचलायच्या, हे दोघींवरही अन्याय करणारं आहे.

चिठ्ठी

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: कुकीचं नाव, तुमचं नाव आणि सगळे घटक. सगळे म्हणजे सगळे. "सीक्रेट मसाला" ही इथे गंमत नाही. अमेरिकेच्या कायद्यात नऊ मुख्य ॲलर्जन मानले आहेत: दूध, अंडं, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचे नट्स, शेंगदाणे, गहू, सोया आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. कायद्याचं बंधन विकायच्या पाकिटांना आहे, घरच्या डब्याला नाही, पण यादी तीच वापरावी. ताहिनी किंवा तिळाच्या कुकीज नेणाऱ्यांनी तर नक्कीच.

मराठी स्वयंपाकघराची एक खास अडचण आहे, ती म्हणजे शेंगदाण्याचा कूट. ज्या मिक्सरच्या भांड्यात आठवड्याला दोनदा कूट होतो त्यातच साखर दळली, तर नानकटाईत एक दाणाही न घालता शेंगदाणा पोहोचतो. पात्याखालच्या रबरी वायसरमध्ये कूट अडकतो आणि धुऊनही पुरता निघत नाही. विकतची पिठीसाखर वापरा (इथल्या पिठीसाखरेत थोडं कॉर्नस्टार्च असतं, त्याने बिघडत नाही). आणि चिठ्ठीवर तळाला "शेंगदाणे वापरले जातात अशा स्वयंपाकघरात केलेलं" असं इंग्रजीत स्वच्छ लिहा. ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे ते त्या एका ओळीसाठी मनापासून आभार मानतात.

कृतीचं कार्ड मागितलं असेल तर तेवढ्या प्रती न्या. मापं कपात किंवा ग्रॅममध्ये लिहा. "अंदाजे", "वाटीभर", "मावेल तेवढं" यावर इथला माणूस अडतो. आणि एखादा घटक मुद्दाम गाळून कार्ड देण्यापेक्षा "कृती घरातली आहे, देत नाही" म्हणणं बरं.

त्या दिवशी

शक्यतो घरूनच सहा-सहाची पाकिटं करून न्या, वाटप पाच मिनिटांत उरकतं. मऊ आणि कुरकुरीत कुकीज एका डब्यात भरू नका. मऊमधला ओलावा कुरकुरीतमध्ये जातो, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बिघडतात. पेपरमिंटचं काहीही असो, ते वेगळ्या बंद पिशवीत. नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्याला टूथपेस्टचा वास येतो. थरांमध्ये पार्चमेंट किंवा वॅक्स पेपर घाला. परतीसाठी रिकामे डबे आपले आपण न्या. यजमानाकडे पिशव्या मागणं वाईट दिसतं.

वेळेवर पोचा. "सातचं आहे, साडेसातला जाऊ" हे इथे चालत नाही. एकाचा डबा आल्याशिवाय फेरी सुरू करता येत नाही. चव फक्त चवीच्या ताटलीतून बघायची. टेबलाभोवती फिरताना प्रत्येकाकडून ठरलेल्याच उचलायच्या, आणि सगळ्यांची फेरी पूर्ण होईपर्यंत जास्तीच्याला हात लावायचा नाही. मुलांना आणायचं की नाही ते आधी विचारा. दुसऱ्याच्या कुकीबद्दल "साखर जरा जास्तच" ही आपली सवयीची टिप्पणी घरी ठेवा.

यायला जमणार नसेल तर निदान तीन दिवस आधी सांगा, म्हणजे बाकीचे आपला आकडा कमी करतील. आदल्या दिवशी अडचण आली तर माणूस नाही गेला तरी डबे पाठवायचे. तुमचा वाटा यजमान ठेवून देतो. अपवाद एकच: घरात कोणाला उलट्या-जुलाब चालू असतील तर काही पाठवू नका. यजमान आनंदाने कमी कुकीज घेईल.

तुम्हीच यजमान असाल तर

सहा ते दहा माणसं, तारीख डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा शनिवार-रविवार, आमंत्रण थँक्सगिव्हिंगच्या आधी. आमंत्रणात पाच गोष्टी स्पष्ट लिहा: एकूण किती कुकीज, प्रत्येकाला किती मिळणार, पाकिटं करून आणायची की सुट्या, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, आणि काय आणणार ते कळवायची शेवटची तारीख. निमंत्रितांत ख्रिसमस न मानणारेही असतात, म्हणून "हॉलिडे" म्हणणं सोयीचं.

स्वतः दोन डझन जास्त करा. कोणीतरी कमी आणतंच. त्या जास्तीच्या कुकीज न बोलता त्या जागी सरकवायच्या, कोणाची मोजदाद जाहीर करायची नाही. खायला तिखट-मीठाचं ठेवा, कारण चार कुकीज चाखल्यावर प्रत्येकाला खारट हवं असतं. पातळ पोह्यांचा चिवडा सगळ्यांत आधी संपतो. (त्यातही शेंगदाणे असतात, तेव्हा चिठ्ठी तिथेही.) "सर्वोत्तम कुकी" अशी स्पर्धा ठेवू नका. पाच डझन भाजून आलेल्या माणसाला शून्य मतं मिळण्यात कसली मजा?

ऑफिसात करायचं असेल तर ते ऐच्छिक ठेवा, चवीची ताटली गाळा आणि प्रत्येकी अर्धा डझनाच्या वर जाऊ नका. टपालाने अदलाबदल करायची असेल तर कडक प्रकार निवडा: बिस्कॉटी, शॉर्टब्रेड, जिंजरब्रेड. दोन-दोन कुकीज पाठीला पाठ लावून गुंडाळा, उभ्या रचा, आणि खोकं हलवून बघा. आत काही खुळखुळलं तर अजून कागद कोंबायला जागा आहे. सोमवारी टाका, म्हणजे रविवारभर ते कुठल्या गोदामात पडून राहत नाही. नानकटाई टपालाने पाठवू नका. पोचेपर्यंत तिचं पीठ होतं.